रीफ टाकीतलं फॉस्फेट: बेळगाव, खानापूर, निपाणीकडून वारंवार येणारे प्रश्न

घाटावर राहून समुद्र पाळणाऱ्यांची, म्हणजे घरच्या काचेच्या टाकीत खारं पाणी, मासे आणि कोरल (प्रवाळ) ठेवणाऱ्यांची, संख्या आपल्या भागात वाढली आहे आणि फॉस्फेटवरचे प्रश्नही त्याच प्रमाणात वाढलेत. ज्यांनी पाठवले त्यांच्याच भाषेत शक्यतो ठेवले आहेत. एकाच गोष्टीवर दोनदा लिहायला नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिलाय, तो जरूर बघा.

१. मी नवीन टाकी सुरू करालोय. फॉस्फेट मी टाकतच नाही, मग ते येतं कुठून?

तुम्हीच टाकताय, रोज, माशांच्या खाण्यातून. फॉस्फरस प्रत्येक सजीव पेशीत असतो, त्यामुळे फॉस्फरस नसलेलं खाणं मिळणारच नाही. हिशेब करून बघा. कोरड्या खाण्यात वजनाच्या साधारण १ टक्का फॉस्फरस धरला, तर १ ग्रॅम खाण्यात १० मिलिग्रॅम फॉस्फरस, म्हणजे फॉस्फेटच्या हिशेबात सुमारे ३० मिलिग्रॅम. २०० लिटरच्या टाकीत ते सगळं विरघळलं तर एका दिवसात ०.१५ पीपीएम (म्हणजे लिटरला मिलिग्रॅम). प्रत्यक्षात काही भाग माशाच्या वाढीत जातो, काही स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र) ओढून काढतो, काही शेवाळ खातं. उरलेलं साचत जातं.

बाकीचे रस्ते तीन: टॉप-अपचं, म्हणजे वाफ होऊन गेलेल्याच्या जागी भरलेलं पाणी (प्रश्न ५ आणि ६), दगड (प्रश्न १०) आणि ज्याच्यावर कुणाचा संशय जात नाही तो ॲक्टिव्हेटेड कार्बन. काही कार्बन बनवताना फॉस्फोरिक ॲसिड वापरतात, ते मागं राहतं. मूठभर कार्बन ग्लासभर आरओ पाण्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी ते पाणी टेस्ट करा. आकडा आला तर ती पिशवी परत करा.

२. किती असावं? शून्य केलं तर चांगलंच की?

नाही. सगळ्यात जास्त टाक्या मला याच समजुतीनं बिघडलेल्या दिसतात. मिश्र रीफसाठी (मऊ आणि कठीण कोरल एकत्र) ०.०३ ते ०.१ पीपीएम ठेवा. नुसते लेदर, मशरूम, झोआ असे मऊ कोरल असतील तर त्याहून थोडं जास्त चालतं.

फार वाढलं की दोन त्रास होतात. शेवाळ माजतं हे सगळ्यांना दिसतं. दुसरा त्रास दिसत नाही: फॉस्फेट कॅल्शियम कार्बोनेटच्या वाढत्या स्फटिकाला चिकटून बसतं आणि पुढची वाढ अडवतं, म्हणून कठीण कोरलांचा सांगाडा वाढायचा मंदावतो. उलट बाजूला, फॉस्फेट अगदीच संपलं तर कोरलाच्या पेशींत राहणारं सहजीवी शैवाल उपाशी पडतं. रंग फिका होतो, मांस आकसतं आणि वाळूवर डायनो, म्हणजे तपकिरी साय धरणारं सूक्ष्म शैवाल, उगवतं (प्रश्न १५).

खऱ्या रीफवर ०.०२ पीपीएमच्या खाली असतं हे खरं आहे, पण तिथं चोवीस तास प्लवकांनी भरलेलं पाणी कोरलावरून वाहत असतं. तो खुराक आपल्याकडं नाही.

३. टेस्ट किट कुठलं घेऊ? माझ्या मीटरवर ३० येतं, मित्राच्या मीटरवर ०.०९. कुणाचं खरं?

दोघांचंही. तुमचा मीटर फॉस्फरस दाखवतो, पीपीबीमध्ये (पीपीएमचा हजारावा भाग). त्याचा फॉस्फेट दाखवतो, पीपीएममध्ये. फॉस्फरसच्या आकड्याला ३.०६६ नं गुणा आणि १००० नं भागा: ३० पीपीबी म्हणजे ०.०९२ पीपीएम. हान्ना कंपनीच्या दोन्ही प्रकारच्या लहान मीटरवर हा घोळ होतो, म्हणून कुणालाही आकडा सांगताना एककासकट सांगा.

गोड्या पाण्याच्या टाकीसाठी मिळणारी, रंग जुळवायची किट यासाठी निरुपयोगी. त्यांच्या तक्त्यावर ० नंतर थेट ०.२५ असतं आणि आपला सगळा खेळ त्या दोघांच्या मधला.

मीटरचीही चूक असते. फॉस्फेटच्या अल्ट्रा लो रेंज मीटरला ±०.०२ पीपीएम आणि वर वाचनाच्या ५ टक्के इतकी सूट कंपनीच देते. म्हणजे ०.०४ आणि ०.०६ मध्ये फरक आहे असं छातीठोक सांगता येत नाही. नमुन्याच्या पाण्याची काच (कुपी) दोन्ही वेळेला तीच वापरा, मऊ कापडानं पुसा, बोटाचा ठसा राहू देऊ नका. टेस्टच्या रसायनाची पुडी पूर्ण विरघळेपर्यंत हलवा आणि बुडबुडे गेल्यावरच काच मीटरमध्ये ठेवा. एका आकड्यावर घाबरून औषध घालू नका, आठवड्याच्या अंतरानं आलेले तीन आकडे मांडून बघा.

४. टेस्टला ०.०१ येतंय, पण दगडावर हिरवे केस उगवलेत. किट खराब आहे काय?

किट बरोबर असेल. टेस्ट फक्त पाण्यात मोकळं असलेलं फॉस्फेट मोजते. शेवाळानं गिळलेलं, दगडात मुरलेलं, न खाल्लेल्या दाण्यात अडकलेलं तिला दिसत नाही. केस उगवलेत म्हणजे येणारं फॉस्फेट पाण्यात फिरायच्या आत तिथंच संपतंय. अशा वेळी जीएफओ (फॉस्फेट धरणारे लोहाचे दाणे, प्रश्न ११) घालू नका. हातानं उपटा, टाकीबाहेर काढा आणि गोगलगायी वाढवा. उपटलेलं प्रत्येक मूठभर शेवाळ म्हणजे टाकीबाहेर गेलेलं फॉस्फेटच.

५. घरचं प्यायचं आरओ पाणी टाकीला चालतं काय?

जसं नळाला येतं तसं नको. पाणी राकसकोप धरणाचं असो, हिडकलचं असो, घरच्या मशीनमध्ये दोन गोष्टी अशा असतात ज्या पिणाऱ्याला बऱ्या आणि कोरलाला वाईट.

पहिली टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) कंट्रोलर. पाणी अगदी बेचव लागू नये म्हणून हा छोटा व्हॉल्व्ह मेंब्रेनमधून (आरओच्या गाळणीच्या पडद्यातून) न गेलेलं थोडं पाणी परत मिसळतो. त्यामुळे ‘आरओ’ म्हणून भरलेल्या बादलीत टीडीएस ५० ते १०० दाखवतो. मशीन सर्व्हिस करायला येणाऱ्याला सांगून तो पूर्ण बंद करून घ्या, मिनरल कार्ट्रिज असेल तर तेही वगळा.

दुसरी अँटिस्केलंटची नळी. मशीनच्या कडेला पारदर्शक नळीत पांढरे, काचेसारखे गोळे दिसतात ना, ते पॉलिफॉस्फेटचे असतात. हळूहळू विरघळून मेंब्रेनवर खार बसू देत नाहीत. मेंब्रेन चांगलं असेल तर त्यातलं बहुतेक अडतं आणि वाया जाणाऱ्या पाण्याबरोबर जातं. पण मेंब्रेन जुनं झालं, किंवा वर सांगितलेला व्हॉल्व्ह उघडा राहिला, की तेच पाणी थेट टाकीत. पॉलिफॉस्फेट तुमच्या टेस्टला लगेच दिसत नाही, ते टाकीत मोडून साधं फॉस्फेट होतं तेव्हा दिसतं. म्हणून बादलीत ०.०० आणि टाकीत रोज वाढ, अशी तक्रार घेऊन लोक येतात. टाकीसाठी वेगळं मशीन घेणार असाल तर ही नळी लावूच देऊ नका.

आरओच्या पुढं डीआय रेझिनचा (उरलेले क्षार धरणाऱ्या दाण्यांचा) एक डबा लावा आणि टीडीएस ० ठेवा. मीटर १ दाखवायला लागला की रेझिन बदला, ‘अजून दोनच आहे’ म्हणून ताणू नका.

६. आमच्या गावात बोअरचंच पाणी. चहूकडं ऊस, सगळे डीएपी टाकतात. फॉस्फेट असणारच ना?

चिकोडी, अथणी, निपाणी या बाजूनं हा प्रश्न हटकून येतो. शंका रास्त आहे, पण बोट चुकीच्या ठिकाणी जातंय. डीएपीतलं फॉस्फेट मातीत धरून राहतं, खाली बोअरपर्यंत फारसं जात नाही. झिरपतं ते नायट्रेट, कारण माती त्याला धरत नाही. त्यामुळे उसाच्या पट्ट्यातल्या बोअरची पहिली टेस्ट नायट्रेटची करा. विहीर उघडी असेल आणि पावसात शेतातलं गढूळ पाणी वरून आत येत असेल तर मात्र मातीच्या कणांबरोबर फॉस्फेटही येतं.

बोअरचा टीडीएस जास्त असेल तर मेंब्रेन लवकर संपेल, एवढा खर्च धरून चाला. बाकी प्रश्न ५ प्रमाणेच.

७. चोर्ला घाटातून गोवा जवळ. कॅनमधून समुद्राचं पाणी आणलं तर खारं पाणी बनवायचं मीठ वाचेल, नाही काय?

मीठ वाचतं, पेट्रोल जातं. कोरड्या ऋतूत, नदीच्या मुखापासून आणि बंदरापासून लांब, भरतीच्या वेळी घेतलेलं पाणी वापरता येतं. पण वापरायच्या आधी ते अंधारात झाकून ठेवा, गाळ बसू द्या, खारेपणा आणि फॉस्फेट दोन्ही मोजा.

पावसाळ्यात अजिबात नको. मांडवी-झुआरीच्या मुखाजवळ तेव्हा खारेपणा कोसळतो आणि जमिनीवरचं सगळं वाहून येतं. शिवाय पावसाळ्यात आणि त्याच्या शेवटी किनाऱ्यालगत खोलवरचं, ऑक्सिजन कमी आणि पोषक क्षार जास्त असलेलं पाणी वर येतं. समुद्र निळा दिसला म्हणून पाणी आपल्या कामाचं, असं नाही.

जोडून येणारा प्रश्न: मालवणहून दगड किंवा कोरल आणू काय? नका. कठीण कोरल वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. मेलेला तुकडासुद्धा उचलू नका.

८. खाणं किती आणि कुठलं? बाजारातली कोळंबी चिरून घातली तर चालते?

ताजी, सालासकट, गोव्याहून किंवा कारवारहून आलेली कोळंबी चालते. धुवा, बारीक चिरा, मासे दोन मिनिटांत संपवतील एवढीच घाला. सोललेली, पाकिटातली गोठवलेली कोळंबी घेताना पाकीट उलटून घटक वाचा. ४५१ किंवा ४५२ हे क्रमांक दिसले की ते फॉस्फेट आहे. कोळंबीत पाणी धरून राहावं, वजन भरावं, म्हणून ती त्यात बुडवलेली असते. माणसाला चालतं, टाकीला नको.

गोठवलेले क्यूब चाळणीत धुवून घालावेत असा सल्ला सगळीकडं ऐकू येतो. धुवा, नुकसान काही नाही, पण त्यातलं बहुतेक फॉस्फेट मांसातच असतं, ते धुवून जात नाही. चाळणीपेक्षा हात आखडता घेणं जास्त उपयोगी. मासे मात्र उपाशी मारू नका. अँथियाससारख्या सतत खाणाऱ्या माशाला दिवसातून तीनदा लागतं, मग ते फॉस्फेट बाहेर काढायची सोय तेवढीच मोठी हवी. ती नसेल तर अँथियास घेऊच नका.

९. गणपतीला चार-पाच दिवस गावी जातो. परत आल्यावर फॉस्फेट दुप्पट. का?

शेजारच्या काकूंनी प्रेमानं मूठ सोडली असणार. मोठ्या निरोगी माशांना एक-दोन दिवस काही न मिळालं तरी काही होत नाही. त्याहून जास्त दिवस जाणार असाल तर एका दिवसाचं खाणं एका पुडीत, अशा पुड्या बांधून ठेवा आणि डबा कपाटात कुलपात ठेवा. ऑटो फीडर लावणार असाल तर आधी आठवडाभर घरी असतानाच लावून बघा. पावसाळी हवेत दाणे ओलावून चिकटतात आणि मग एकदम ढेकूळ पडतं.

१०. २० टक्के वॉटर चेंज केला, ०.५ चं ०.४ झालं, तिसऱ्या दिवशी परत ०.५. पाणी वाया गेलं काय?

वाया गेलं नाही, पण तुम्ही फक्त पाण्यातलं काढलंत. साठा दगडात आणि वाळूत आहे. दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटची आणि फॉस्फेट त्यांच्या पृष्ठभागावर चिकटतं. पाण्यात वाढलं की दगड ओढून घेतो, पाण्यात कमी झालं की परत सोडतो. सावकाराच्या वहीसारखं आहे हे: तुम्ही आज दिलेलं दिसतं, पण मागची बाकी तशीच उभी असते.

म्हणून वर्षभर ०.५ वर राहिलेली टाकी आठवड्यात ०.०५ वर येत नाही. आणलीत तरी राहत नाही. जीएफओ पहिल्या दोन-तीन वेळा भराभर संपेल, आकडा उड्या मारत राहील, नंतर बदलण्यातलं अंतर आपोआप वाढत जाईल. अंतर वाढलं की समजा दगड रिकामा होतोय. मधल्या काळात ‘हे मीडिया (फॉस्फेट धरणारे दाणे) बोगस आहे’ म्हणून ब्रँड बदलणारे खूप भेटतात.

वाळू जुनी आणि गाळानं भरलेली असेल तर दर वॉटर चेंजला तिचा थोडा थोडा भाग सायफन करा. सगळी एकदम ढवळू नका.

११. जीएफओ कसं वापरायचं? पाकिटावर लिहिलंय तेवढं घालू काय?

जीएफओ म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचे तांबूस-काळे दाणे, फॉस्फेट त्यांना चिकटतं. पाकिटावरच्या मात्रेच्या चौथ्या हिश्शानं सुरुवात करा. पूर्ण मात्रा घातली तर एका रात्रीत ०.४ चं ०.०२ होतं आणि कोरलांना तो धक्का जास्त फॉस्फेटपेक्षा महागात पडतो.

आधी आरओ पाण्यात लाल पाणी जाईपर्यंत धुवा. रिॲक्टरमध्ये (दाण्यांतून पाणी फिरवणाऱ्या डब्यात) दाणे वरच्या थरात नुसते थरथरावेत एवढाच प्रवाह ठेवा. जोरात फिरले तर घासून भुकटी होते आणि ती टाकीत जाते. रिॲक्टर नसेल तर बारीक जाळीच्या पिशवीत घालून सम्पमध्ये (टाकीला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) वाहत्या पाण्यात ठेवा, काम हळू होईल इतकंच. रिॲक्टरमधून बाहेर पडणारं पाणी अधूनमधून टेस्ट करा. ते टाकीएवढंच दाखवायला लागलं की दाणे संपले.

जीएफओ लावल्यावर अल्कलिनिटी (मुख्यतः पाण्यातल्या कार्बोनेटचं माप, डीकेएचमध्ये) थोडी खाली येते, तीही मोजत राहा. ती ९ डीकेएचच्या वर ठेवून फॉस्फेट एकदम उतरवलंत तर ॲक्रोपोरा या कठीण कोरलाची टोकं जळाल्यासारखी पांढरी होतात. उतरवायच्या काळात ७ ते ८ वर स्थिर ठेवा.

ॲल्युमिनियम ऑक्साइडचे पांढरे गोळेही मिळतात. तेही चालतात, पण काही लेदर कोरल त्यावर रुसून बसतात. लेदरची टाकी असेल तर जीएफओच घ्या.

१२. आपल्याकडं जांभा दगड फुकट. त्यातही लोह असतं. चुरा करून पिशवीत घातला तर?

हा प्रश्न खानापूरहून आला आणि विचारणाऱ्याचं मला कौतुक वाटलं, कारण रसायन अगदी बरोबर पकडलंय. जांभ्यात लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं असतात आणि ती फॉस्फेट धरतात. लाल मातीत घातलेला सुपर फॉस्फेट पिकाला पूर्ण मिळत नाही, याचं एक कारण हेच.

तरी घालू नका. जांभ्याच्या भोकांत माती असते, ती कितीही धुतली तरी पाणी गढूळ करते. त्यात दुसरे कोणते धातू आहेत हे खाणीगणिक बदलतं, आणि कोरलाला तांबं, निकेल अगदी थोडंही सोसत नाही. तयार जीएफओचे दाणे सच्छिद्र, एकसारखे आणि प्रचंड पृष्ठभागाचे बनवलेले असतात. चुऱ्याला ते जमत नाही.

१३. लॅन्थेनम क्लोराइड एका दिवसात काम करतं म्हणे. खरं?

करतं, म्हणूनच जपून. फॉस्फेटबरोबर त्याचा पांढरा, न विरघळणारा साका होतो. तो साका पाण्यात फिरत राहिला तर माशांच्या कल्ल्यांना त्रास होतो, आणि टँग जातीचे मासे यात सगळ्यात नाजूक. बरंच पातळ करून, थेंब थेंब, ५ किंवा १० मायक्रॉनच्या फिल्टर सॉकमध्ये (गाळायच्या पिशवीत) सोडा आणि तो सॉक त्याच दिवशी काढून धुवा. मिश्र रीफमध्ये एका दिवसात ०.१ पीपीएमपेक्षा जास्त उतरवू नका, एसपीएस (लहान पॉलिपचे कठीण कोरल) असतील तर त्याच्या निम्मं. याचा काही भाग कार्बोनेटशीही जुळतो, त्यामुळे अल्कलिनिटी खाली येते. स्विमिंग पूलसाठी मिळणाऱ्या डब्यावर तीव्रता लिहिलेली नसेल तर तो घेऊ नका.

०.३ च्या खाली हे वापरायची गरजच नाही. तिथं प्रश्न ११ पुरतो.

१४. व्होडका, व्हिनेगर, शेवाळाचा सम्प: यातलं कुठलं?

व्होडका-व्हिनेगर म्हणजे जीवाणूंना कार्बनचा खुराक. ते वाढताना नायट्रेट आणि फॉस्फेट घेतात आणि स्किमर त्यांना बाहेर काढतो. नायट्रेट यात भराभर उतरतं, फॉस्फेट त्या मानानं कमी. त्यामुळे नायट्रेट आधीच शून्य असेल तर हा उपाय चालणारच नाही. स्किमर नसेल तर सुरूही करू नका. साध्या, बिनवासाच्या व्होडकाची सुरुवात १०० लिटरला रोज ०.१ मिलिलिटरपासून करा. व्हिनेगर वापरणार असाल तर पांढरं, बिनरंगाचं, साधारण आठपट.

शेवाळाच्या सम्पसाठी कीटोमॉर्फा हे शेवाळ घ्या. कॉलर्पा हे दुसरं शेवाळ कधी कधी एका रात्रीत फुटून धरलेलं सगळं पाण्यात सोडतं. दर पंधरवड्याला मूठभर कापून टाकीबाहेर टाकलंत तरच उपयोग.

१५. फॉस्फेट ०.०० झालं, वाळूवर तपकिरी, बुडबुडे धरलेली साय आली. आता?

बहुधा डायनो. जीएफओ ताबडतोब काढा, स्किमर काही तास बंद ठेवा, खाणं वाढवा. तरी आकडा उठत नसेल तर फॉस्फेट घालावं लागतं. बेळगावात कॉलेजांना रसायनं पुरवणाऱ्या दुकानांत ट्रायसोडियम फॉस्फेट मिळतं. बारा पाण्याचं, म्हणजे डोडेकाहायड्रेट असेल, तर १.६ ग्रॅम एक लिटर आरओ पाण्यात विरघळवा. त्यातलं १० मिलिलिटर २०० लिटरच्या टाकीत ०.०२ पीपीएम वाढवतं. पहिले काही डोस दगडच गिळतो, म्हणून रोज मोजून घाला. नायट्रेटही शून्य असेल तर ते वेगळं वाढवावं लागेल.

‘घरात डीएपीचं पोतं आहे, चिमूटभर घालू काय?’ नको. त्यात अमोनियम असतं, मासे मरतील.

१६. पावसात पाच-सहा तास लाइट गेली. जीएफओचा रिॲक्टर तसाच चालू केला तर चालतं?

तसाच नको. बंद डब्यात साचलेल्या पाण्यातला ऑक्सिजन संपतो. जास्त वेळ तसंच राहिलं तर लोहाचं रूप बदलून धरलेलं फॉस्फेट सुटू शकतं, शिवाय सडका वास येतो. आतलं पाणी ओतून द्या, दाणे खाऱ्या पाण्यात खळबळून घ्या, मग जोडा. इन्व्हर्टरवर काय ठेवायचं असा प्रश्न असेल तर वेव्हमेकर (टाकीत पाणी फिरवणारा पंप) ठेवा, रिॲक्टर नको.

१७. बंद केलेल्या टाकीचा वाळका दगड स्वस्तात मिळतोय. घेऊ?

घ्या, पण टाकीत टाकायच्या आधी पिंपात खारं पाणी आणि पंप लावून भिजत घाला आणि आठवड्यानं फॉस्फेट मोजा. २ पीपीएमसुद्धा येऊ शकतं. इथं मासे नाहीत, त्यामुळे लॅन्थेनम मोकळ्या हातानं वापरता येतं. उतरवायचं, दोन आठवडे थांबायचं, परत वर येतंय का बघायचं. येणं थांबलं की पाणी ओतून, दगड धुवून मगच टाकीत.

१८. माझ्याकडं दोन वर्षं ०.३ आहे. कोरल फुललेत, शेवाळ नाही. सगळे म्हणालेत उतरव. उतरवू काय?

नको. आकडा स्थिर आहे, कोरल त्याला सरावलेत, नायट्रेटही त्या प्रमाणात असणार. आकड्यासाठी टाकी नाही. महिन्यातून एकदा मोजा आणि ०.४ कडं सरकायला लागलं तर खाण्याकडं बघा. एसपीएस घ्यायचा बेत असेल तर मात्र तो तुकडा आणायच्या दोन-तीन महिने आधी, प्रश्न ११ मधल्या चौथ्या हिश्शाच्या मात्रेनं उतरवायला लागा.